एकाच काडीवर रांगेने झोपलेल्या माश्या: कीटक झोपायला घोळका का करतात?

संध्याकाळचे साडेसहा-सात वाजलेत. बाल्कनीतल्या कुंडीत तुळशीची एक वाळलेली काडी उभी आहे आणि त्या काडीवर दहा-बारा माश्या ओळीने चिकटून बसल्यात. कुणी उडत नाही, कुणी गुणगुणत नाही. जवळून पाहिलं तर आणखी विचित्र दिसतं. माश्यांनी काडी पायांनी धरलेलीच नाही. जबड्यात घट्ट पकडली आहे आणि बाकीचं शरीर तसंच अधांतरी आहे.

असा फोटो सोसायटीच्या वॉट्सअॅप ग्रुपवर पडला की पुढचे मेसेज जवळपास ठरलेले असतात. 'पोळं लागतंय वाटतं', 'मुलांना तिकडे जाऊ देऊ नका', 'पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे?' मग रात्री कुणीतरी स्प्रेचा डबा घेऊन जातं आणि दोन मिनिटांत विषय संपतो.

पण तिथे पोळं लागत नव्हतं. त्या माश्या झोपल्या होत्या. सकाळी ऊन आलं की त्या आपणहून निघून गेल्या असत्या. शिवाय, त्यातली एकही माशी चावू शकत नव्हती.

कीटकांच्या जगात असं एकत्र झोपणं किंवा एकत्र विसावणं बऱ्याच ठिकाणी दिसतं. काडीवरच्या दहा माश्यांपासून ते मेक्सिकोच्या डोंगरात झाडांना लगडलेल्या कोट्यवधी फुलपाखरांपर्यंत. हे सगळे जण असं का करतात आणि त्यांची झोपायची जागा गेली तर काय होतं, ते समजून घेऊ.

पण किडे खरंच झोपतात का?

झोपतात. डोळ्यांना पापण्या नसल्याने ते आपल्याला कळत नाही, एवढंच.

वॉल्टर कायझर या जर्मन संशोधकाने १९८०च्या दशकात मधमाश्यांचं रात्रीचं वागणं बारकाईने पाहिलं. रात्री माशीच्या मिशा हळूहळू खाली झुकतात, पाय सैल पडतात, अंगाचं तापमान उतरतं आणि तिला जागं करायला जास्त जोराचा धक्का लागतो. माणसाच्या झोपेचं वर्णन याहून फार वेगळं नाही.

पुढे २००० साली फळमाश्यांवरचे दोन अभ्यास आले. केळी पिकली की स्वयंपाकघरात घोंगावतात, त्याच या बारीक माश्या. त्यांना रात्रभर झोपू दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्या झोप भरून काढतात, असं त्यात दिसलं. कॅफिन दिलं तर त्यांचीही झोप उडते. म्हणजे रात्रीची कॉफी फक्त माणसालाच महागात पडते असं नाही.

झोप मोडली तर काय होतं, याचा एक भन्नाट प्रयोग २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. बॅरेट क्लाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाश्यांच्या पाठीवर स्टीलचे इवलेसे तुकडे चिकटवले आणि रात्रभर बाहेरून लोहचुंबक फिरवून त्यांना गदागदा हलवत ठेवलं. फुलं कुठल्या दिशेला आहेत हे मधमाशी पोळ्यातल्या इतरांना नाचून सांगते. झोप न झालेल्या माश्यांच्या नाचात ही दिशा ढिसाळ झाली. पत्ता सांगणाऱ्यालाच झोप नाही, मग ऐकणारे कुठे पोहोचणार?

तर झोप कीटकांनाही लागते. आणि झोपलेला कीटक हा पक्षी, पाल, कोळी आणि मुंग्यांसाठी आयता घास असतो. घोळक्याची गोष्ट इथून सुरू होते.

काडीवरचे ते सगळे पुरुष

बाल्कनीतल्या त्या माश्या बहुधा निळ्या पट्ट्यांच्या माश्या असतात. शास्त्रीय नाव अमेजिला. काळ्या पोटावर फिकट निळे, चमकदार पट्टे, छातीवर तपकिरी लव आणि उडण्याची शैली अशी की एका जागी नजर ठरत नाही. तुळशीला मंजिऱ्या आल्या की या हमखास येतात.

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोळं, राणी आणि कामकरी माश्या येतात. पण जगातल्या मधमाश्यांच्या बहुतांश जाती पोळं बांधतच नाहीत. त्या एकट्या राहतात. अमेजिलाची मादी जमिनीत किंवा मातीच्या मऊ भिंतीत स्वतःचं बीळ कोरते, त्यात अंडी घालते आणि रात्री तिथेच मुक्काम करते.

नराला हे घर मिळत नाही. एकदा बाहेर पडला की तो परत बिळात जात नाही आणि स्वतःचं बीळ कोरणं त्याच्या स्वभावात नाही. दिवसभर मादीच्या शोधात हिंडायचं, मध प्यायचा आणि अंधार पडायच्या आधी एखादी बारीक काडी गाठायची. तिथे आणखी काही नर आलेले असतात. थोडी ढकलाढकली होते, जागा ठरते, जबडा काडीवर बसतो आणि सगळं शांत होतं. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीही तीच काडी असते. शेजारी तशाच दहा काड्या असल्या तरी.

डंख हा मुळात मादीच्या अंडी घालण्याच्या अवयवाचं बदललेलं रूप आहे. त्यामुळे मधमाशी असो, गांधीलमाशी असो की मुंगी, नराला डंख नसतोच. काडीवरच्या या झोपाळू मंडळींची सगळ्यांना भीती वाटते, आणि त्यांच्याकडे हत्यारच नाही.

याच जबड्याच्या पद्धतीने झोपणारी आणखी एक माशी आहे, थायरियस. काळ्या अंगावर निळे ठिपके असलेली ही देखणी माशी कोकिळेसारखं वागते. स्वतः बीळ न करता अमेजिलाच्या बिळात अंडं घालून येते. तिला घरच नसल्याने या जातीत नराबरोबर मादीलाही बाहेरच झोपावं लागतं. दिवसा जिच्या घरावर डल्ला मारायचा, तिच्याच जातीच्या नरांसारखं रात्री काडीला लटकायचं, असा हा प्रकार आहे.

कीटकांच्या झोपेची नोंद घेणारे लोक शंभर वर्षांपूर्वीही होते. अमेरिकेतल्या फिल आणि नेली राऊ या दाम्पत्याने १९१६ साली 'कीटकांची झोप' याच विषयावर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. कुठल्या जातीची माशी कुठल्या झुडपावर, कशी आणि कितीजणांत झोपते, याच्या नोंदी त्यात आहेत.

घोळक्याचं गणित

समजा, एका रात्री एक पाल येणार आहे आणि ती एक माशी खाणार आहे. एकटी माशी असेल तर तिचा नंबर पक्का. दहा जणी असतील तर दहात एक. पन्नास असतील तर पन्नासात एक. यात कुणी कुणाचं रक्षण करत नाही. पहारा नाही, मदत नाही. फक्त आपल्या शेजारी आणखी कुणीतरी असणं पुरेसं ठरतं.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१मध्ये हा विचार एका गाजलेल्या लेखात मांडला. त्यांनी उदाहरण घेतलं होतं तळ्याकाठच्या बेडकांचं. तळ्यातून साप कधीही वर येईल आणि जवळचा बेडूक उचलेल. मग प्रत्येक बेडूक दोन बेडकांच्या मधली जागा शोधायला लागतो. कुणीही दुसऱ्याचा विचार केलेला नसतो, तरी थोड्याच वेळात सगळे एका ढिगात जमलेले असतात. लोकल ट्रेनच्या दारातल्या माणसाला हे गणित समजवावं लागणार नाही. सगळ्यांना आतलीच जागा हवी असते.

पण हे झालं लपण्याचं गणित. काही कीटक एकत्र येऊन उलट जास्त उठून दिसतात, आणि त्यांचा फायदा त्यातच असतो.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हेलिकोनियस नावाची फुलपाखरं आहेत. त्यांच्या अळ्या कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. फुलपाखरांच्या अंगात विषारी द्रव्यं असतात आणि पंखांवरचे लाल-पिवळे पट्टे ही पक्ष्यांसाठी 'खाऊ नकोस' अशी पाटी असते. ही फुलपाखरं संध्याकाळी एखाद्या वाळक्या फांदीवर पाच-दहाच्या घोळक्याने येऊन झोपतात आणि कित्येक आठवडे त्याच जागी परततात.

ती असं का करतात, यावर दोन तर्क होते. एक असा की घोळक्यातली नवखी फुलपाखरं सकाळी अनुभवी फुलपाखरांच्या मागे जाऊन चांगली फुलं शोधत असतील. दुसरा असा की एकत्र झोपल्याने पक्षी कमी हल्ला करत असतील. सुझन फिंकबायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये हे तपासलं. पाठलाग वगैरे काही दिसलं नाही. मग त्यांनी हुबेहूब दिसणारी खोटी फुलपाखरं तयार करून जंगलात टांगली, काही एकटी आणि काही घोळक्याने. पक्ष्यांच्या चोचींच्या खुणा मोजल्यावर दिसलं की घोळक्यातल्या फुलपाखरांवर हल्ले कमी झाले होते. एका पाटीपेक्षा एकाच जागी लागलेल्या दहा पाट्या पक्ष्याला लवकर वाचता येतात.

मेक्सिकोच्या डोंगरात वाकलेल्या फांद्या

घोळक्याने विसावण्याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मोनार्क फुलपाखरू. आपल्याकडे रुईच्या झाडावर अंडी घालणारं केशरी-काळं 'प्लेन टायगर' फुलपाखरू दिसतं, त्याचं हे जवळचं नातेवाईक. मोनार्कच्या अळ्याही रुईच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात आणि त्या चिकातलं विष अंगात साठवतात.

अमेरिकेच्या पूर्व भागात आणि कॅनडात उन्हाळ्यात मोनार्कच्या काही पिढ्या होतात. यातलं प्रत्येक फुलपाखरू काही आठवडेच जगतं. पण उन्हाळा संपताना जन्मलेली पिढी वेगळी असते. ती अंडी घालण्याच्या फंदात पडत नाही. दक्षिणेकडे निघते आणि काही फुलपाखरं तर ४ हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून मध्य मेक्सिकोच्या डोंगरात पोहोचतात. ही पिढी आठ-नऊ महिने जगते, आणि त्यातला मोठा काळ ती नुसती लटकून काढते.

जागा ठरलेली असते. मिचोआकान आणि मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३ हजार मीटर उंचीवर, ओयामेल नावाच्या फर वृक्षांची जंगलं. तिथे फांद्यांवर, खोडांवर फुलपाखरं इतकी दाटीने बसतात की झाडाचा हिरवा रंग दिसेनासा होतो आणि फांद्या वजनाने वाकतात. एका हेक्टरमध्ये साधारण २ कोटी फुलपाखरं असावीत, असा अंदाज धरला जातो. ती एकेक करून मोजता येत नाहीत. म्हणून दर हिवाळ्यात त्यांनी व्यापलेल्या जंगलाचं क्षेत्रफळ मोजतात.

आसपासच्या गावांना ही फुलपाखरं पिढ्यान् पिढ्या माहीत होती. ती येतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाच्या सुमारास. त्यामुळे हे गेलेल्या माणसांचे आत्मे आहेत, अशी तिथली समजूत आहे. बाहेरच्या जगाला हे ठिकाण कळलं जानेवारी १९७५मध्ये. कॅनडातले प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट अनेक वर्षं मोनार्कच्या पंखांना कागदी खुणा चिकटवून ती जातात कुठे, याचा शोध घेत होते. त्यांच्यासाठी मेक्सिकोत शोध घेणाऱ्या कॅटलिना अग्वाडो आणि केन ब्रुगर यांना अखेर ती झाडं सापडली. 'शोध लागला' असं म्हणताना गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, हे विसरलं जातं. असो.

तिथेच का? कारण त्या जंगलातली थंडी नेमकी हवी तेवढी असते. जास्त ऊब असेल तर फुलपाखरं उडत राहतील आणि अंगातली चरबी वसंत ऋतूच्या आधीच संपेल. जास्त थंडी असेल तर गोठून मरतील. आयुष्यभर मोनार्कचा अभ्यास केलेले लिंकन ब्रॉवर या जंगलाला फुलपाखरांची छत्री आणि गोधडी म्हणत. दाट फांद्या पाऊस अडवतात आणि रात्री जमिनीतली ऊब निसटू देत नाहीत. जाड खोडं दिवसाची उष्णता धरून ठेवतात. छत्रीला भोक पडलं की गोधडी भिजते, आणि भिजलेलं फुलपाखरू कोरड्या फुलपाखरापेक्षा कमी थंडीतही गोठतं.

जानेवारी २००२मध्ये नेमकं तेच झालं. आधी पाऊस आणि त्यामागोमाग कडाक्याची थंडी. दोन मोठ्या वस्त्यांमधली सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त फुलपाखरं मेली. जंगलात जमिनीवर मेलेल्या फुलपाखरांचा जाड थर साचला होता.

घोळक्याची दुसरी बाजू इथे दिसते. कोट्यवधी फुलपाखरं एका मोठ्या खंडाच्या अर्ध्या भागातून येतात आणि काही मोजक्या डोंगरांवर जमतात. एका वादळात, एका वणव्यात किंवा एका लाकूडतोडीत किती जण जातील, याला मर्यादा राहत नाही. पक्ष्यांनीही हे ओळखलं आहे. मोनार्कचं विष पचवू शकणारे किंवा विषारी भाग टाळून खाणारे दोन जातींचे पक्षी त्या जंगलात रोज जेवायला येतात. घोळक्याच्या कडेला बसलेल्यांना ते जास्त टिपतात. हॅमिल्टनच्या बेडकांना मधली जागा का हवी होती, ते इथे कळतं.

आकडे पाहिले तर १९९६-९७च्या हिवाळ्यात मोनार्कनी १८ हेक्टरहून जास्त जंगल व्यापलं होतं. २०१३-१४मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आलं. म्हणजे एका फुटबॉल मैदानाएवढंही नाही. २०२३-२४मध्ये ०.९ आणि २०२४-२५मध्ये १.७९ हेक्टर. कारणं फक्त मेक्सिकोत नाहीत. अमेरिकेतल्या शेतांमधून तणनाशकांमुळे अळ्यांच्या खाण्याची झाडं गेली, हे मोठं कारण मानलं जातं. पण विश्रांतीच्या जंगलावरही ताण आहेच. मेक्सिको सरकारने २०००मध्ये इथलं ५६ हजार हेक्टरहून जास्त क्षेत्र राखीव केलं आणि २००८मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. तरी बेकायदा तोड पूर्ण थांबलेली नाही.

हे जंगल राखणं हे धोक्याचंही काम आहे. एल रोसारियो अभयारण्याची व्यवस्था पाहणारे आणि फुलपाखरांमध्ये उभं राहून केलेल्या व्हिडिओंमुळे सोशल मीडियावर लोकप्रिय झालेले ओमेरो गोमेझ जानेवारी २०२०मध्ये बेपत्ता झाले. दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला.

तिथले वनशास्त्रज्ञ क्वाउतेमोक साएंस-रोमेरो आता वेगळ्याच कामाला लागलेत. हवामान तापत गेलं तर या शतकाच्या अखेरीपर्यंत सध्याच्या जागी ओयामेल टिकणार नाही, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून गावकऱ्यांच्या मदतीने त्यांनी नेवाडो दे तोलुका या जास्त उंच ज्वालामुखीच्या उतारावर ओयामेलची रोपं लावली आहेत. रोपं तिथे तग धरतात, हे दिसलंय. ती मोठी व्हायला कित्येक दशकं लागतील. तोवर फुलपाखरांना नवा पत्ता कोण आणि कसा सांगणार, हा वेगळा प्रश्न. कारण जी पिढी मेक्सिकोला पोहोचते, त्यातलं एकही फुलपाखरू आधी तिथे गेलेलं नसतं.

थंड गुहेतली कौलं

मोनार्क थंडी काढायला जमतात. ऑस्ट्रेलियातला बोगाँग पतंग उन्हाळा टाळायला जमतो.

हा साधा, तपकिरी पतंग. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या मैदानी भागात वाढतो आणि वसंतात हजारेक किलोमीटरपर्यंत उडत आग्नेयेकडच्या उंच डोंगरांमधल्या गुहा गाठतो. तिथे गुहेच्या भिंतीवर पतंग एकावर एक कौलं रचल्यासारखे बसतात. प्रत्येकाचं डोकं पुढच्याच्या पंखाखाली. एका चौरस मीटरमध्ये सुमारे १७ हजार पतंग. महिनोन् महिने ते असेच पडून असतात आणि उन्हाळा ओसरला की परत फिरतात.

तेही रात्री प्रवास करतात आणि तेही आधी कधी तिथे गेलेले नसतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना कळतं, हे २०१८मध्ये दिसलं होतं. २०२५मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, दिशा ठरवायला ते ताऱ्यांनी भरलेलं आकाशही वापरतात. ताऱ्यांवरून दूरचा रस्ता काढणारा हा पहिला ज्ञात कीटक.

याच कारणाने शहरातले दिवे त्यांना चकवतात. कॅनबेरातल्या संसद भवनात हे पतंग वसंतात घुसतात, आणि २०००च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात गायिका इव्हॉन केनी ऑलिंपिक गीत गात असताना एक बोगाँग त्यांच्या पोशाखावर येऊन बसला होता.

गुहेत पतंग जमणं हे इतरांच्या पोटाचंही साधन होतं. तिथले आदिवासी समूह उन्हाळ्यात डोंगरात जमून पतंग भाजून खात. क्लॉग्ज केव्ह या गुहेत सापडलेल्या सुमारे २ हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यावर पतंगांचे अवशेष मिळाले आहेत. डोंगरात राहणारा मुठीत मावेल एवढा 'माउंटन पिग्मी पॉसम' हा दुर्मीळ प्राणीही हिवाळी झोपेतून उठल्यावर याच पतंगांवर जगतो.

२०१७पासून मोठा दुष्काळ पडला आणि गुहा ओस पडल्या. जिथे लाखो पतंग असायचे, तिथे हातावर मोजण्याइतके राहिले. पॉसमच्या माद्यांना दूध येईना आणि पिल्लं मरायला लागली. २०२१मध्ये बोगाँगची नोंद जागतिक धोकाग्रस्त यादीत झाली. एका कीटकाची झोपायची जागा रिकामी राहिली आणि उपाशी राहिला भलताच कुणीतरी.

घोळका आपल्याच घरात झोपायला आला तर?

केरळमधल्या रबराच्या बागांजवळ राहणाऱ्यांना या विषयाचं कौतुक वाटायची शक्यता कमी. तिथे 'मुप्लि' नावाने ओळखला जाणारा एक काळा, जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा भुंगेरा आहे. रबराच्या गळलेल्या पानांवर तो वाढतो आणि उन्हाळ्यातले पहिले पाऊस पडले की रात्री दिव्यांच्या रोखाने घरांमध्ये शिरतो. हजारोंनी, कधी लाखोंनी. छपरात, भिंतींच्या फटींत, लाकडी माळ्यावर ढीगच्या ढीग करून ते अनेक महिने निपचित पडून राहतात. चावत नाहीत. पण चिरडले की त्यांच्यातून घाण वासाचा द्रव येतो, त्वचेची आग होते आणि वरून ते अंथरुणात, ताटात पडत राहतात. त्यांचा घोळका झोपतो, घरातली माणसं जागी राहतात.

उलट, अमेरिकेत माणसंच घोळका उचलून नेतात. पिकावरचा मावा खाणारे लाल ठिपक्यांचे लेडीबर्ड भुंगेरे कॅलिफोर्नियाच्या डोंगरात थंडीत मोठ्या संख्येने एकत्र विसावतात. ते झोपेतच गोळा करून पिशव्यांमधून बागकामाच्या दुकानांत विकले जातात. विकत घेणारा बागेत सोडतो आणि बहुतेक भुंगेरे एक-दोन दिवसांत उडून जातात.

गर्दी दिसली म्हणजे झोपच असं नाही

मे-जूनमध्ये सह्याद्रीत एखादं झाड काजव्यांनी लखलखतं, ती जोडीदाराला बोलावण्याची धडपड असते. ओल्या मातीवर, ओढ्याकाठी बसलेला फुलपाखरांचा थवा मातीतले क्षार शोषत असतो. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिम घाटातून पूर्वेकडे जाणारे ब्लू टायगर आणि क्रो फुलपाखरांचे थवे दिवसा खुळखुळ्याच्या झाडावर लोंबकळताना दिसतात, ते त्यातली रसायनं घ्यायला. तीच फुलपाखरं संध्याकाळी सावलीतल्या वाळक्या फांद्यांवर ओळीने बसली असतील, तर मात्र ती मुक्कामाला आहेत.

मग त्या काडीचं करायचं काय?

आधी पोळं आणि झोपेची रांग यातला फरक पाहा. पोळं बांधणाऱ्या मधमाश्यांचा थवा प्रवासात एखाद्या फांदीवर थांबतो, तेव्हा माश्या एकमेकींच्या अंगावर चढून गोळा करतात. तो गोळा भरदुपारीही तिथेच असतो आणि त्यात शेकड्यांनी, हजारांनी माश्या असतात. अशा थव्यापासून लांब राहायचं. त्याला डिवचलं नाही तर काही तासांत किंवा काही दिवसांत तो सहसा पुढे जातो. हलत नसेल किंवा पोळं बांधायला लागला, तर माश्या न मारता हलवणाऱ्या माणसाला बोलवायचं. आग्या मोहोळ असेल तर घरच्या घरी धूर, पाणी, काठी असले प्रयोग अजिबात करायचे नाहीत.

झोपेच्या रांगेत प्रत्येक माशी सुटी असते. काडी बारीक असते, संख्या फार तर दोन-तीन डझन, आणि दुपारी तीच काडी पूर्ण रिकामी असते. सगळ्यात सोपी परीक्षा हीच. सकाळी अकराला जाऊन पाहा. कुणी नसेल, तर ती झोपायची जागा आहे.

या माश्या मेल्या तर नुकसान कुणाचं, हेही बघायला हवं. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलांमध्ये परागकण बारीक नळीसारख्या कोशात बंद असतात. ते बाहेर पडायला फूल जोरात थरथरावं लागतं. नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही, अमेजिलाला जमतं. ऑस्ट्रेलियातल्या अमेजिलाच्या एका जातीचं चित्रीकरण संशोधकांनी २०१५मध्ये संथ करून पाहिलं, तेव्हा ती माशी सेकंदाला सुमारे ३५० वेळा फुलावर डोकं आपटत होती. गच्चीवर कुंडीत टोमॅटो लावणाऱ्यांनी आणि संध्याकाळी त्याच गच्चीवर स्प्रे मारणाऱ्यांनी एकमेकांशी एकदा बोलायला हरकत नाही.

त्यामुळे करायचं काहीच नाही. रात्री त्या काडीवर टॉर्च मारायचा नाही, स्प्रे तर नाहीच. सुकलेली तुळस उपटायचीच असेल, तर माश्यांचा हंगाम संपेपर्यंत आठवडाभर थांबता आलं तर उत्तम. नाहीतर निदान दुपारी उपटावी, म्हणजे संध्याकाळी परतणाऱ्या नरांना शेजारची दुसरी काडी शोधायला उजेड मिळतो. फोटो काढायचा असेल तर पहाटे जावं. दवाचे थेंब अंगावर घेऊन ते तसेच लटकलेले असतात. ऊन काडीपर्यंत पोहोचलं की एकेकाच्या मिशा हलतात, पंखांचे स्नायू थरथरून अंग तापतं, जबडा सुटतो आणि एकेक करून काडी रिकामी होते.